लोखंडी बादलीतला मोरचूद

ज्वारीचं बियाणं भिजवायला धाकट्या भाऊजींनी लोखंडी बादलीत निळा मोरचूद विरघळवला. ते गोंदियाला शिकत. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मोरचूद नाही वहिनी, कॉपर सल्फेट म्हणा. पण चौथीवालीले काय समजते." सगळे हसले.

माझ्या माहेरी मोरचूद मडक्यातच ठेवत, लोखंडात तो बिघडतो. मी मुद्दाम गप्प राहिले.

सकाळी निळं पाणी फिकं पडलं होतं, बादली आतून तांबडी झाली होती. औषध वाया गेलं.

सासरे म्हणाले, "सूनबाई, तुमच्याकडं त मडक्यात ठेवतेत. सांगितलं काऊन नाही?"

मी पदराआडून म्हटलं, "मले मोरचुदाचं माहीत हाये, मामाजी. भाऊजींनी त कॉपर सल्फेट ठेवलं होतं."

भाऊजींची ती खाली गेलेली मान आठवली की मला अजून बरं वाटतं.