उन्हात ठेवलेले लाल मासे

नातवाच्या माशांच्या टाकीला शेवाळाचा वास आला आणि मालवणच्या घराची खिडकी आठवली. काकांनी मुंबईहून आणलेले दोन लाल मासे आईने येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसावेत म्हणून तिथे ठेवले होते. रोज ती नारळाच्या सोडणाने काच घासायची, तरी पाणी पुन्हा हिरवंगार. शेवटी वडील वैतागून म्हणाले, "उद्या विहिरीत सोडतंय." तेवढ्यात मासे विकणारी मावशी दारात आली आणि खिडकीकडे बघून खो खो हसली. "गो वैनी, उन्हात घालून सुके करतंस काय तेंका? सावलेत ठेव!" टाकी माजघरात गेली आणि आठवड्यात काच लख्ख झाली. मावशी मग रोज त्या दोघांना बघायला आत यायची, पण टोपलीतले बांगडे त्यांना दिसू नयेत म्हणून वर केळीचं पान ओढून. आज टाकीवर ऊन येऊ नये म्हणून नातवाच्या खिडकीचा पडदा मी लावून घेतला, तेव्हा हातातली मासळीबाजाराची पिशवी आपसूक पाठीमागे गेली.