गावपळणीत आलेले हेडफोन

हेडफोनचं पार्सल गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी, जेवणवेळेच्या सुमारास, आचऱ्यात माझ्या घरापाशी पोचलं. घराला कुलूप होतं. शेजारच्या घरांनाही कुलूप होतं. गावात त्या वेळी एकही रहिवासी नव्हता.

गावपळण आमच्याकडे काही वर्षांनी एकदा येते. देवाचा कौल झाला की तारीख ठरते आणि सगळा गाव, सगळ्या धर्मांची घरं, गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं घेऊन वेशीबाहेर झोपड्यांत राहायला जातो. तीन दिवसांनी पुन्हा कौल घेतात. देवाने होकार दिला तर परतायचं, नाही तर मुक्काम वाढतो. तोवर गावकऱ्याने वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही. मी हेडफोन मागवले तेव्हा तारीख ठरलेली नव्हती. ठरली तेव्हा पार्सल निघालेलं होतं आणि पत्ता बदलण्याची सोय नव्हती.

आमची झोपडी सड्यावर, वेशीबाहेरच्या कातळाच्या माळावर होती. काकी चुलीपाशी तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, धूत होती. माझा फोन वाजला.

“ताई, पार्सल आहे. दार उघडा.”

“मी घरी नाही. गावात कोणीच नाही.”

“ते दिसतंय मला. अख्ख्या रस्त्याला माणूस नाही. कुत्रंसुद्धा नाही. काय झालंय काय इथं?”

माणूस घाटावरचा होता, बदली होऊन नुकताच आलेला. मी गावपळण म्हणजे काय ते सांगितलं. त्याने पार्सलवरचा पत्ता पुन्हा मोठ्याने वाचला.

“तुम्ही आचऱ्यातच राहता ना?”

“हो.”

“मग आचरा कुठं गेलंय?”

बाजूच्या झोपडीतले चाचा बांबूला टेकून ऐकत होते. बंदरावर त्यांचा सुक्या मासळीचा धंदा, आणि गावात आमचं घर त्यांच्या घराला लागून. ते मोठ्याने म्हणाले, “तेका सांग, कुत्रो हय आसा. जेवता.”

त्या पार्सलात हेडफोनचे दोन जोड होते, एक ठेवायचा आणि एक परत करायचा. रविवारच्या आत कुठला ठेवायचा हे ठरवून त्यावर काम करणं भाग होतं. कारण असं. मी घरी कॉम्प्युटरवर संगीत करते. पूर्वी वर्तमानपत्रात डेस्कवर होते, आता घरून संपादनाची कामं करते आणि उरलेल्या वेळात ट्रॅक. तोवर माझा एकही ट्रॅक लोकांसमोर वाजलेला नव्हता. आरोंद्याला खाडीकाठी एका नारळीच्या बागेत नव्या इलेक्ट्रॉनिक संगीताची संध्याकाळ व्हायची होती. तिथे ट्रॅक निवडणाऱ्या बाई गोव्याच्या. त्यांनी माझा ट्रॅक ऐकून निरोप पाठवला होता: चाल चांगली आहे, पण बेस पोकळ आहे, नाचणाऱ्याला पाय ठेवायला जागा नाही. रविवारपर्यंत सुधारून आला तर पुढच्या शनिवारी वाजवू.

बेस पोकळ का झाला याची दोन कारणं मला माहीत होती. माझे जुने हेडफोन बेस, म्हणजे खालचे जाड सूर, फुगवून ऐकवायचे, म्हणून मी तो ट्रॅकमध्ये कमी करत गेले. दुसरं कारण भिंतीपलीकडची भाताची गिरण. तिची घरघर माझ्या बेसमध्ये मिसळायची आणि मला वाटायचं, बेस भरपूर आहे. खोलीत होता तो, ट्रॅकमध्ये नव्हता.

म्हणून दोन जोड मागवले. एक बंद कपाचा, कान पुरता झाकणारा. दुसरा उघड्या कपाचा, बाहेरच्या बाजूला जाळी असलेला. वाचलं त्यात असं होतं की उघडे जास्त खरं बोलतात, पण बाहेरचा आवाज आत घेतात आणि आतला बाहेर सोडतात. गिरणीशेजारी राहणाऱ्याने बंदच घ्यावेत, असं माझं जवळजवळ ठरलेलं होतं.

फोनवरचा माणूस म्हणाला, “ताई, मला इथंच डिलिव्हरी दाखवावी लागते. लोकेशन जुळायला पाहिजे. ओटीपी सांगा, मी दारात मारतो, मग पार्सल तुमच्याकडे घेऊन येतो. चालेल?”

मी ओटीपी सांगणार तेवढ्यात काकी म्हणाली, “थांब गो.”

“काय?”

“दारात पोचला म्हणजे ता पार्सल गावातला झाला. गावपळणीत गावातली वस्तू भायर कशी काढतलस?”

चाचा म्हणाले, “दारात पोचला म्हणान गावातला? मगे मी मुंबैक जावन कोणाच्या दारात उभो रवलंय तर मुंबैकर जातलंय काय?”

“तुमका कोण दारात उभो करतलो? सुक्या बांगड्याचो वास आधी पोचता.”

“वास पोचता म्हणान तर गिऱ्हाईक येता.”

फोन चालूच होता. पलीकडून “ताई?” असं ऐकू आलं. शेवटी पलीकडच्या झोपडीतल्या वृद्ध मानकऱ्यांना विचारलं. देवळाच्या रीतीभातीत त्यांचा शब्द चालतो. ते खाटेवर पडून होते, उठले नाहीत.

“उंबऱ्याच्या आत गेला?”

“नाय,” मी म्हटलं.

“मगे ता पावणो. पावण्याक गावपळण नाय. जो ता घेवन येता तेकाय जेवक बोलव.”

मी ओटीपी सांगितला. थोड्या वेळाने मोटरसायकल सड्यावर चढली. माणूस पन्नाशीचा होता. हेल्मेट काढून त्याने आधी झोपड्यांची रांग पाहिली, मग दावणीला बांधलेली गुरं, मग कुत्रा. कुत्र्याकडे तो जरा जास्त वेळ पाहत होता. काकीने त्याला भात आणि तिसऱ्यांची एकशिपी वाढली.

“हे शिंपल्यासकट खायचं?”

“शिंपलो ठेव, बाकीचा खा. घाटार काय दगडासकट खातास?”

त्याने दोनदा भात घेतला आणि जाताना आईला दाखवायला झोपड्यांचा फोटो काढून नेला.

पार्सल मी झोपडीच्या तोंडाशी उघडलं. चार घरांची माणसं जमली. बंद जोड पहिल्यांदा काकीने घातला. तिला माझा ट्रॅक ऐकवला.

“कसं वाटतं?”

“हांड्यात तोंड घालून बोलल्यासारखा.” काकी ओरडून बोलत होती, कारण तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. “बरा आसा! पण हांडो आसा!”

उघडा जोड चाचांनी घेतला. त्यांना माझा ट्रॅक नको होता. त्यांनी स्वतःच्या फोनमधली कव्वाली लावायला सांगितली. डोळे मिटून बसले. एका ठिकाणी झटकन मागे वळून पाहिलं. मागे कोंबडी होती.

“टाळी मागसून इली,” ते म्हणाले.

“उघड्यात तसं वाटतं, चाचा. आवाज डोक्याच्या बाहेर बसतो.”

“माझ्या डोक्याच्या भायर कव्वाली बसली आणि कोंबडी ऐकता. ह्याच घे, बाय.”

त्यांनी आवाज वाढवला होता, त्यामुळे जाळीतून कव्वाली सगळ्यांनाच ऐकू येत होती. काकी म्हणाली, “म्हणजे आता तू खोलीत काय करतस ता माका आयकाक येतला. इतकी वर्सा मी बघतंय, मान हालवतस नि काय आयकाक येत नाय. शेजारीण इचारता, चेडवाक काय झाला?”

मी दोन्ही जोड आलटून पालटून लावले. उघड्यात माझा बेस खरोखरच पोकळ होता. बाईंचं बरोबर होतं. बंदात तो थोडा भरलेला वाटत होता. पण उघडे घेऊन घरी गिरणीचं काय करायचं, हा प्रश्न तसाच होता.

उत्तर चाचांच्या जनरेटरने दिलं. सगळ्या झोपड्यांचे मोबाईल त्यावर चार्ज व्हायचे. दुपारी त्यांनी तो सुरू केला तेव्हा माझ्या कानांवर बंद जोड होता. बायकांची बोलणी, कोंबड्या, कुत्रा, सगळं दूर गेलं. जनरेटरची घरघर राहिली. जाड, खालची, गिरणीच्या जातीची. मी कप हाताने दाबून पाहिले. घरघर जात नव्हती. बंद कप बडबड अडवतो. इतका खालचा आवाज अडवत नाही. गिरणीसाठी बंद घेण्याचा काही उपयोग नव्हता. गिरण चालू असताना कुठल्याच जोडावर बेस ठरवता येणार नव्हता, आणि गिरण दुपारी बंद असते. तेव्हा उघडे घ्यायचे आणि काम दुपारी करायचं. हे माझ्यापुरतं ठरलं.

त्या दिवशीच्या दुपारी मात्र जनरेटर चालू होता. लॅपटॉप सोबत होता, त्याची बॅटरी भरलेली होती. मला फक्त शांतता हवी होती. मी चाचांना विचारलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग तारेला लागलेल्या मोबाईलांच्या गुच्छाकडे.

“बाय, ह्यो जनरेटर मी बंद केलंय तर ही लोकां माका बंद करतली.”

काकी हात पुसत उठली आणि झोपडीझोपडीतून फिरली. तिचं बोलणं मला अर्धवट ऐकू येत होतं. “चेडवाचा गाणा आरोंद्याक वाजतला... रविवारी धाडूचा आसा... तुझो मोबायल काय लाटसायबाचो फोन येवचो आसा?” ती परत आली तेव्हा ठरलं होतं: उन्हं कलेपर्यंत जनरेटर बंद. अट एकच. काम झालं की गाणं सगळ्यांना ऐकवायचं.

जनरेटर बंद झाला. सड्यावर वारा होता आणि गुरांच्या घंटा होत्या. उघड्या जोडात दोन्ही ऐकू येत होतं, पण बेसच्या जागी काही येत नव्हतं. ती जागा रिकामी होती आणि मला पहिल्यांदा नीट दिसत होती. मी बेसचे सूर एकेक करून वर आणले. ढोलासारखा मुख्य ठोका आणि बेस एकमेकांवर पडत होते. ठोका पडला की बेस क्षणभर मागे सरकेल असं केलं. जाळीतून गळणारा आवाज काकीपर्यंत जात होता. ती कांदा चिरत होती. आवाज तिच्यापर्यंत जातोय हे मला सुरीवरून कळलं. मघाशी ती वाटेल तशी चिरत होती, आता ठोक्यावर.

डेस्कवर असताना नियम होता की बातमी एका ठिकाणाहून आली तर दुसरीकडे विचारायचं. ट्रॅक मी बंद जोडावर तपासला. ठीक वाटला. मग चाचांच्या पिकअपमध्ये लावला. दोन्ही दारं उघडून ठेवली. अटीप्रमाणे सगळे जमले.

पहिला ठोका पडला तेव्हा कोणी हललं नाही. बेस आला तेव्हा चाचांची धाकटी सून, जी तोवर मोबाईल बंद म्हणून रागावून बसली होती, उठून उभी राहिली. मग आणखी दोघी उठल्या. फुगडीत घेतात तसे त्यांनी एकमेकींचे हात धरले. चाचा नाचले नाहीत, पण पिकअपच्या बॉनेटवर ताल धरला. मानकरी खाटेवर उठून बसले. एका ठिकाणी, जिथे बेस सर्वात खाली जातो, पिकअपचं दार खडखडलं.

“ह्या गाण्यात आसा काय गाडीत?” चाचांनी विचारलं.

“गाडीत. पण चूक गाण्यात आहे.”

“मगे माझी गाडी बरी आसा.”

“बरी आसा.”

मी तो एक सूर थोडा उतरवला. पुन्हा लावला. दार खडखडलं नाही. पुन्हा लावायची मागणी झाली आणि ती आणखी काही वेळा झाली. नंतर जनरेटर सुरू झाला आणि मोबाईल तारेला लागले.

ट्रॅक मी त्याच संध्याकाळी पाठवला. सड्यावर नेटवर्क गावातल्यापेक्षा चांगलं असतं.

तिसऱ्या दिवसानंतर देवाने कौल दिला. माणसं आणि गुरं वेशीतून आत गेली. घरांची दारं उघडली, अंगणं झाडली गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिरण सुरू झाली. बंद जोड परत न्यायला तोच घाटावरचा माणूस आला. दारात उभा राहून त्याने गावाकडे पाहिलं आणि म्हणाला, “आता बराय.” काकीने त्याला चहा दिला.

बाईंचा निरोप रविवारी आला. दोनच शब्द होते: “पाय ठरतो.” खाली शनिवारच्या कार्यक्रमाची वेळ होती.

शनिवारी आम्ही चाचांच्या पिकअपमधून आरोंद्याला गेलो. पुढे चाचा, काकी आणि मी. मागे सून आणि तिच्या दोघी मैत्रिणी. खाडीला भरती होती. बागेत माडांना दिव्यांच्या माळा होत्या आणि चाळीसेक माणसं होती, बरीचशी गोव्याकडची. काकीने सुरुवातीला खुर्ची मागितली. खुर्ची मिळाली. माझ्या आधी दोन ट्रॅक झाले, तेवढा वेळ ती त्या खुर्चीवर बसून होती आणि मला विचारत होती, “तुझा खंयचा? ह्या तुझा?”

“नाही. अजून नाही.”

माझा ट्रॅक तिसरा लागला. बेस आला तेव्हा मागच्या बाजूला उभी असलेली माणसं पुढे आली. काकी खुर्चीवरून उठली आणि सुनेचा हात धरून गर्दीत गेली. चाचांनी खुर्ची उचलून बाजूला ठेवली. ट्रॅक पूर्ण वाजला. संपल्यावर बाईंनी तो पुन्हा सुरुवातीपासून लावला.