फोटोकाकांचे तीन डबे

फोटोकाका कुणाच्याही घरी गेले, की पाण्याच्या पेल्याआधी हात पुढं करायचे आणि म्हणायचे, "मोबाईल आण इकडं. किती भरलाय बघू." लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांना वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी "अखंड सौभाग्यवती भव" म्हटलं आणि त्याच दमात माझा मोबाईल मागितला. नव्या सुनेवर नजर ठेवायची या घराची रीत असेल, असं समजून मी तो निमूट दिला. तासाभरानं परत मिळाला तेव्हा त्यात एकही फोटो शिल्लक नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. काका म्हणाले, "रडून कशाला राहिलीस बाई? सगळे हायत. माझ्याकडं हायत. आता तुला नवे काढायला जागा झाली."

ते माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बायको लवकर गेलेली, एकुलती मुलगी मुदखेडला दिलेली. नांदेडच्या घरात वरच्या खोलीत राहायचे आणि दोन वेळचं जेवण खाली सासूबाईंच्या हातचं असायचं. मी 'सासरे' आणि 'सासूबाई' लिहिते आहे खरी, पण आज त्या घराशी माझं कायद्यानं काही नातं नाही. लातूरला माहेरी परत येऊन मला बरीच वर्षं झाली. त्यामुळे त्यांना 'आमचे काका' म्हणताना अजून जीभ अडखळते, न विचारता कुणाच्या घरात शिरल्यासारखं वाटतं.

नात्यागोत्यातल्या सगळ्या लग्नामुंजींचे, बारशांचे, जावळांचे, सत्यनारायणांचे फोटो काकांकडं जमा व्हायचे. ते सारे हार्डडिस्कवर असत आणि हार्डडिस्कला ते 'डबा' म्हणायचे. असे तीन डबे होते. एक त्यांच्या खोलीत, दुसरा खाली सासूबाईंच्या लोखंडी कपाटात दागिन्यांशेजारी आणि तिसरा मुदखेडला मुलीकडं. "एका जागी ठेवलेला फोटो म्हणजे उधार आणलेला फोटो," ते म्हणायचे. "घराला आग लागली, गोदावरीला पूर आला, कुणी चोरून नेला, तरी तिसरीकडं पाहिजे." खंडेनवमीला घरात शस्त्रांची पूजा मांडायची, तेव्हा विळी, पाना आणि कात्रीच्या शेजारी तीन डबे ओळीनं बसत. मुलगी मुदखेडहून तिसरा डबा पिशवीत घेऊन यायची. काका त्यांना हळदकुंकू लावायचे, झेंडूचं फूल वाहायचे आणि मग ते एकेक करून लॅपटॉपला जोडून 'सारखे' करायचे. म्हणजे वरच्या खोलीतल्या डब्यात जे असेल तेच आणि तसंच बाकी दोघांत. वर्षभराची भर त्या एका दिवशी तिन्हीकडं जायची. आम्ही सुना हसायचो. कुंकू आत गेलं तर डबा बिघडेल, असं जाऊबाई म्हणायच्या. काका म्हणायचे, "देवीला कळतंय कुठं लावायचं ते."

मला त्यांचा लळा लागला तो नावांमुळं. आमच्या लग्नाचे फोटो लावायला त्यांनी मला वर बोलावलं आणि प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवून विचारू लागले. "हा कोण?" मी म्हटलं, जळकोटचे मामा. "मामा म्हणजे नाव झालं का? नाव सांग." मामांचं नाव, मामींचं नाव, मामींच्या बहिणीचं नाव, मांडवात झोपलेल्या म्हाताऱ्याचं नाव, सगळं त्यांनी टाईप केलं. एका बाईंचं नाव मला येत नव्हतं, तर मला आईला फोन करायला लावला. "ज्याचं नाव न्हाई तो फोटो बेवारस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या घरात माझ्या माहेरच्यांची नावं विचारणारा तोवर दुसरा कुणी भेटला नव्हता. बाकी सगळ्यांना ते 'लातूरचे लोक' होते.

फोटोत फेरफार करायला त्यांचा हात धजायचा नाही. येत मात्र सगळं होतं, निवृत्तीनंतर चिकाटीनं शिकले होते. पण "पोरीला जरा गोरं करा, स्थळं बघून राहिलोत," असं कुणी म्हटलं की ते चिडायचे. "सावळी हाय तर सावळी दिसू दे. उद्या घरात आल्यावर काय चुना लावणार हाव?" माहूरला दिराच्या मुलाचं जावळ काढलं, त्या फोटोत नेमकी मधोमध एक लाल प्लॅस्टिकची बादली आली होती. सगळ्यांनी गळ घातली म्हणून काकांनी ती काढली. दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "वहिनी, ती बादली मी परत ठिवली. ती तिथं होती." सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

माझ्या मुलीचं, ओवीचं बारसं नांदेडलाच झालं. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळं बाळंतपणाला मी लातूरला गेलेच नव्हते. त्या दिवशी काकांनी माझ्या आईवडिलांचे आणि भावाचेही मोबाईल रिकामे करून दिले. फोटो लगेच एकमेकांना पाठवायची तेव्हा सवय नव्हती. काका आहेत म्हटल्यावर कुणाला काळजीही नव्हती.

पुढं आमचं जमलं नाही. ते का जमलं नाही हे सांगण्यात आता अर्थ नाही, दोन्ही बाजूंना आपापली कारणं होती. ओवीला कडेवर घेऊन मी लातूरला परतले आणि घटस्फोट झाला. त्या दिवसांतली लाज मला अजून अंगावर जाणवते. गंजगोलाईत भाजी घेताना ओळखीचं कुणी दिसलं की मी दुसऱ्या गल्लीत वळायचे. शिकवणीत गणित शिकवायला लागले तेव्हा आडनाव कोणतं लिहायचं म्हणून फळ्यासमोर घुटमळले होते. नांदेडहून कुणाचा फोन येईल असं वाटत नव्हतं, पण काकांचा येईल असं वाटायचं. तो आला नाही. याचं मला फार लागलं.

ओवी सुट्टीत वडिलांकडं जायची. गेल्या खेपेला जाऊबाईंच्या मुलीचं लग्न होतं, तिथून ती परत आली. जेवण झाल्यावर तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला. मंगल कार्यालयात मोठ्या पडद्यावर घरातले जुने फोटो दाखवत होते, त्यातल्या एकाचा तिनं फोटो घेतला होता. पाळणा, फुगे, घुगऱ्यांचं ताट, भोवती बायका. मधोमध ओवी, झबलं घातलेली, जाऊबाईंच्या मांडीवर.

"आई, माझ्या बारशाला तू नव्हतीस?"

मी होते. अगदी तिथंच, त्याच जागी बसले होते. पण तसं सांगताना माझा आवाज मलाच खोटा वाटला. दाखवायला माझ्याकडं एक फोटो नव्हता. पोटच्या पोरीसमोर, मी तुझ्या बारशाला हजर होते याचा पुरावा नसलेली बाई म्हणून मी बसून राहिले. ओवी म्हणाली, "मी काकाआजोबांना पण विचारलं, आई कुठाय म्हणून. ते उठून हात धुवायला गेले ते परत आलेच नाहीत."

त्यानंतर काही दिवसांनी काका स्वतःच आले. एसटीनं, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. फार वाळले होते. दारात उभे राहिले तेव्हा मी सवयीनं डोक्यावर पदर घ्यायला गेले आणि ध्यानात आलं, अंगात सलवार-कमीज आहे. काकांनी पाणी घेतलं आणि पेला हातातच धरून बसले. त्या दिवशी त्यांनी कुणाचा मोबाईल मागितला नाही.

"मी काढलं तुला," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणी न्हाई. मीच."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मी गेल्यावर वर्षाच्या आत ओवीच्या वडिलांचं दुसरं लग्न ठरवायचं चाललं होतं. बैठकीतल्या टीव्हीवर घरातले फोटो दिवसभर फिरत असायचे आणि मुलीकडचे बघायला यायचे होते. सासूबाई म्हणाल्या, तिला काढा. काका नको म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, बादली काढता येती तर ही का न्हाई? ज्या बाईच्या हातचं जेवतो तिला किती दिवस नाही म्हणायचं, म्हणून ते वरच्या डब्यातले फोटो घेऊन बसले. एकेका फोटोतून मला काढत गेले. बारशाच्या फोटोशी अडले, कारण मला काढल्यावर ओवी अधांतरीच राहायला लागली. सासूबाई म्हणाल्या, पोर हवेत कशी दिसल, द्या कुणाच्या तरी मांडीवर. तेव्हा त्यांनी जाऊबाईंना दुसऱ्या फोटोतून उचलून तिथं आणून बसवलं.

"मूळचे फोटो बाकी दोन डब्यांत हायत, म्हणून मी निर्धास्त होतो," काका म्हणाले. "म्हटलं, पाहुणे येऊन जाऊ देत, लग्न होऊ दे, मग वरच्या डब्यात परत घालू. मध्येच नवमी आली. पोरगी मुदखेडहून डबा घेऊन आली. हळदकुंकू लावलं आणि तिन्ही सारखे केले. सवयीनं केले बाई. दुसऱ्या दिवशी दाराशी सोनं वाटून राहिलो होतो, आणि हातातली आपट्याची पानं तशीच राहिली. तवा ध्यानात आलं."

वरच्या डब्यात मी नव्हते, म्हणून तिन्ही डब्यांत नव्हते. त्यांनी ते डबे हैदराबादपर्यंत नेऊन दाखवले होते, उपयोग झाला नाही. मग गेली कित्येक वर्षं ज्याच्या घरी जातील त्याला, तुझ्याकडं आमच्या धाकट्या सुनेचा एखादा फोटो आहे का, म्हणून विचारत होते. कुणाकडंच नव्हता. सगळ्यांचे मोबाईल त्यांनीच रिकामे केले होते.

"फोन करणार होतो तुला," ते म्हणाले. "काय तोंडानं करू?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, लाजच वाटली. त्यांच्यासाठी वाटली, कारण म्हातारा माणूस परक्या झालेल्या सुनेसमोर पेल्यात बघत बोलत होता. आणि माझीही वाटली. कारण नांदेडच्या भिंतींवर मी आता कुठंच नसेन, अशी कल्पना मी त्या पहिल्या वर्षी करायचे तेव्हा मला सुटल्यासारखं व्हायचं. त्यांनी जे केलं ते मी मनातल्या मनात मागितलंच होतं. फक्त ओवी हवेत राहील हे मलाही सुचलं नव्हतं.

काकांनी ओवीला समोर बसवलं. लॅपटॉप उघडला नाही. हात गुडघ्यांवर ठेवून, जुना फोटो समोर असावा तसे सांगू लागले. "तुझी आई मधोमध बसली होती. हिरवी साडी, लाल काठ. तू तिच्या डाव्या हातावर होतीस आणि तुझी मूठ तिच्या मंगळसूत्रात अडकली होती. ती मूठ सोडवताना मी फोटो काढला. ती हसून राहिली होती, कॅमेऱ्याकडं तिचं ध्यान नव्हतं. तिच्या मागं जळकोटचे मामा." मामांचं नावही त्यांनी सांगितलं. ओवी मान खाली घालून ऐकत होती. साडी जांभळी होती, आईनं घेतलेली. मी ती हिरवीच राहू दिली.

निघताना ओवी म्हणाली, काकाआजोबा, एक फोटो काढू या. काकांनी दोन्ही हात मागं घेतले. "माझ्या हातात देऊ नको बाई." मग तिनं त्यांना अंगणातल्या खुर्चीवर बसवलं, मला मागं उभं केलं आणि म्हणाली, आई, त्यांच्या खांद्यावर हात ठेव ना. मी संकोचले. त्या घरात चुलतसासऱ्यांसमोर खुर्चीवर बसायचीही पद्धत नव्हती. काका मागं न बघता म्हणाले, "ठिव." मी ठेवला. हाडं हाताला लागली.

पावसाळा संपता संपता काका गेले. ओवीला वडिलांकडून कळलं, आणि दोन दिवसांनी जाऊबाईंचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिलाच. त्या आधी थोडं रडल्या, मग म्हणाल्या, "ओवीकडं काकांचा एक चांगला फोटो हाय म्हणं. आमच्याकडचे सगळे नोकरीतले हायत, ओळखू येईनात. फ्रेम करायची हाय."

"त्यात मी पण आहे," मी म्हटलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "करतील इथं काहीतरी."

ओवी चिडली. "कापतील गं ते तुला." मी म्हटलं, पाठव. अंत्यदर्शनाला जायची माझी हिंमत झाली नव्हती, कोण म्हणून जाऊन उभी राहणार होते? निदान फोटो तरी वेळेवर जावा.

तेराव्याला ओवी नांदेडला गेली. दुपारी तिनं एक फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं. बैठकीच्या भिंतीवर काकांची फ्रेम. मला कापलं होतं, कडेकडेनं, बऱ्यापैकी नीट. पण खांदा कापला असता तर काका अर्धे झाले असते, म्हणून माझी चार बोटं तेवढी त्यांच्या सदऱ्यावर राहिली होती. ती पुसून मागचा सदरा भरून काढणं घरात ज्यांना जमायचं ते फ्रेममध्ये होते. मला आधी लाजच वाटली, बोलावणं नसताना त्यांच्या भिंतीवर जाऊन बसल्याची. ओवी सांगते, फ्रेमला रोज सकाळी सासूबाई स्वतः हार घालतात, आणि तो माझ्या बोटांवर टेकतो.