सुलोचनाबाईंनी न केलेली सही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, धंद्यातल्या पार्टनरला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझं गिऱ्हाईक नाही आणि तुमच्याकडून मला काही मिळवायचं नाही. ऐकून माझ्याबद्दलचं मत बिघडलं तर बिघडू दे.

चाकणला माझं प्रेस शॉप आहे. पत्र्याचे पार्ट दाबून काढतो. बापाने मागे काही ठेवलं नव्हतं. जे आहे ते मी भांडून मिळवलंय. आणि इथे माझी ओळख काय आहे? 'सही न करणारा माणूस.' गोष्ट अशी — पूर्वी मी भोसरीला एका कंपनीत लाइन लीडर होतो. प्रेसवर एकाची बोटं गेली, मॅनेजरने खोटा कागद पुढे केला, आणि अख्ख्या लाइनमध्ये मी एकट्याने सही नाकारली. दर खंडेनवमीला मशिनींना झेंडूचे हार घालून झाले की पोरं म्हणतात, "शेठ, ती सहीची सांगा की." मी सांगतो. रंगवून सांगतो.

यंदा पावसाळ्यानंतर एक अर्जंट ऑर्डर अंगावर आली. गिऱ्हाइकाचे फोनवर फोन. माझं डोकं तापलेलं. अश्विनी म्हणून एक मुलगी प्रेसवर आहे, साताऱ्याकडची, कामाला चोख. तिला म्हणालो, एक बटण बांधून टाक.

हे जरा समजून घ्या. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत सापडायची भीती नाही. पण त्यात वेळ जातो. मग एका बटणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बांधायचा — ते दाबलेलंच राहतं, एक हात मोकळा होतो आणि शिफ्टचं टार्गेट निघतं. आमच्याकडे हे कधीच झालं नाही असं म्हणणारा मालक मला दाखवा.

अश्विनीने प्रेस बंद केली आणि हात पुसत म्हणाली, "नाही बांधणार, शेठ. तुम्ही त्या मॅनेजरला नाही म्हणालात ना? मग मला कसं सांगता?"

टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर मी तिथल्या तिथे परतवला असता. तिचा खरंच विश्वास होता. माल एक दिवस उशिरा गेला, गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्या. आणि जेवणाच्या सुट्टीत एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "शेठनीच घडवलीय राव तिला." मी डबा तसाच बंद करून उठलो.

कारण ती सही मी केली होती.

नुसती केली नाही — सगळ्यांच्या गोळा करून दिल्या. त्या दिवशी दत्ताच्या प्रेसवर तो ट्यूबचा तुकडा मीच बांधला होता, माझ्या हाताने. दत्ताची उजव्या हाताची दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी कागद आला — दत्ताने कोणाला न विचारता स्वतः बटण बांधलं, आम्ही ते पाहिलं. मॅनेजर म्हणाला, लाइनच्या सह्या घेऊन ये, तुझं परमनंटचं बघू. मी म्हणालो, नुसतं बघू नका, लेखी द्या. तिथेही घासाघीस. हसताय? मला तेव्हा वाटत होतं, मी लढतोय.

लेखी दिलंच नाही त्याने. सहा महिन्यांनी मला डावलून स्वतःच्या मेव्हण्याला घेतलं. तो राग अजून आहे, मरेपर्यंत राहील. मी टेबलावर बूट आपटून बाहेर पडलो. आणि बाहेर आल्यावर लोकांनी विचारलं, का सोडलंस? तेव्हा तोंडातून निघून गेलं — सही करायला लावत होते, नाही केली.

पण मग ती सही खरंच कोणी केली नव्हती? सुलोचनाबाईंनी. तपासणीच्या टेबलावर बसायच्या. लातूरकडच्या, नवरा गेलेला, दोन मुली, चऱ्होलीत भाड्याची खोली. आम्ही बाकी सगळ्यांनी न वाचता सह्या ठोकल्या. बाईंनी चष्मा लावला, कागद शेवटपर्यंत वाचला आणि मला परत दिला. म्हणाल्या, "भाऊ, हे मी बघितलं न्हाई. म्या दुसरंच बघितलं." आणि पार्ट तपासायला लागल्या.

मी पाऊण तास त्यांच्या डोक्यावर उभा होतो. मुलींची भीती घातली. दत्ताचं कंपनी बघून घेईल म्हणालो. एखादा शब्द बदलून आणू का, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमी कशाला उन्हातान्हात फेऱ्या मारता?"

काही माणसं वाकत नाहीत, ती का? मी यावर वर्षानुवर्षं डोकं खाजवलंय. लोक म्हणतात, ज्याला गमवायला काही नाही तो वाकत नाही. खोटं आहे. बाईंना माझ्यापेक्षा जास्त गमवायचं होतं. म्हणतात, तापट माणूस वाकत नाही. माझ्याइतका तापट कोण आहे? मी सगळ्यांशी भांडतो — आणि आता कळतं, भांडणारा माणूस मनातून तयार झालेला असतो, त्याचं फक्त किमतीवर अडलेलं असतं. बाई भांडल्याच नाहीत. त्यांनी किंमत विचारलीच नाही, मग मी सौदा करणार कसला?

याचाच मला संताप आला. अजून येतो, खोटं कशाला बोलू. त्यांनी सही केली असती तर आम्ही सगळे सारखे झालो असतो. माझी सही इतरांच्या सह्यांत मिसळून गेली असती. त्या बाईने ती उघडी पाडली. नंतर मी त्यांचा नकार माझ्या नावावर घेतला आणि वीस वर्षं त्यावर मिरवलो. लोकांनी मला कामं दिली ती या गोष्टीवर. अश्विनीने मला अडवलं तेही त्याच गोष्टीच्या जोरावर. हे कळल्यावर ती काम सोडून गेली तरी मी तिला थांबवणार नाही.

अजून एक राहिलंय. ते सांगायला नको म्हणूनच एवढा लांबून आलो.

सुलोचनाबाई कंत्राटदाराकडून कामाला होत्या. मॅनेजरने सह्या मोजल्या, एक कमी होती, तो म्हणाला, "असू दे, एवढ्यावर भागेल." विषय त्याच्याकडून संपला होता. मी खाली आलो, गेटवर कंत्राटदाराचा माणूस चहा पीत उभा होता. त्याला म्हणालो, त्या बाई लाइनवर कटकट करतात, उद्यापासून गेटचा पास देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला त्या डबा घेऊन गेटवर आल्या आणि वॉचमनने त्यांना आत सोडलं नाही. मी आतून पाहत होतो. त्यांनी एकदाच विचारलं, मग वळल्या.

आज त्या कुठे आहेत, मला माहीत नाही. शोधता आलं असतं. शोधलं नाही.

सहीसाठी माझ्यावर दबाव होता, असं म्हणता येईल. पासचं मला कोणीच सांगितलं नव्हतं.