विभूती लावलेली तिकिटं

मांजरसुंब्याचा चौक मागं पडला, कपिलधारकडं जाणारा रस्ता लागला, तेव्हा रुद्राणीच्या लक्षात आलं की अप्पा पुन्हा मागं राहिलेत. नेकनूरहून निघाल्यापासून हे असंच चाललं होतं. पुढं टाळ-मृदंग, मग बाया, मग म्हाताऱ्यांना बसायला घेतलेली बैलगाडी. आणि गाडीच्याही मागं, अनवाणी, खांद्यावर रिकामं पोतं टाकून तिचा चुलता, श्रीशैल अप्पा.

ती थांबली. "अप्पा, गाडीत बसा की जरा. पाय सुजलेत तुमचे."

"गाडी म्हाताऱ्या मानसांसाठी हाय."

"मग तुम्ही काय बाळ आहात?"

"तुझ्यापुढं हाय की. सकाळपासून दटावायलीस." अप्पा हसले, पण पाऊल काही उचललं नाही. गाडी वळणाआड गेली तशी ते सावकाश चालू लागले.

चौकातल्या चहाच्या टपरीवर जे झालं ते त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं, हे तिला कळत होतं. ते बाकावर टेकले न टेकले तोच केजकडच्या दोघी बाया उठून आल्या. "हेच का कुंडवाले अप्पा?" असं एकीनं विचारलं आणि कडेवरचं लेकरू त्यांच्या पायावर घातलं. अप्पांनी पाय असा ओढून घेतला की कपातला चहा त्यांच्याच धोतरावर सांडला. बाया उलट गहिवरल्या. "बगा, पायसुदिक शिवू देत न्हाईत," म्हणत त्यांनी जमिनीलाच डोकं टेकवलं.

रुद्राणीला हसू आलं होतं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं होतं. अप्पांचं नाव आता असं घेतलं जातंय, म्हणजे जुनं सगळं पुसलं गेलं, असं तिला वाटलं. अप्पांना मात्र तेच सोसत नव्हतं.

रुद्राणीचे वडील ती लहान असताना वारले. अप्पांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी तिला स्वतःच्या लेकीसारखं वाढवलं. नेकनूरला मंदिराच्या भिंतीला लागून त्यांचं दुकान होतं: कापूर, उदबत्ती, नारळ, विभूतीचे गोळे. नाव मन्मथ भांडार. गळ्यात लिंग, कपाळावर तीन बोटं विभूती, आणि आवाज असा की सोमवारच्या भजनाला चाराण्याचं गिऱ्हाईक सोडून माणसं मंदिराच्या ओसरीवर येऊन बसायची. गावात एकदा मटकेवाल्यानं टेबल टाकलं, तर अप्पांनी पोलिसात अर्ज केला नाही की भांडणही केलं नाही. चार टाळकरी घेतले आणि त्या टेबलासमोर बसून भजन लावलं. सकाळी बसले, ते दिवस कलेपर्यंत उठलेच नाहीत. आकडा लावायला आलेली माणसं लाजून भजनात बसली. संध्याकाळी मटकेवाल्यानं टेबल उचललं आणि जाताना पाया पडून गेला.

अशा माणसाकडं लॉटरी कशी आली?

ती आणली अमरसिंहांनी. अमरसिंह म्हणजे गावातले मोठे जमीनदार, सोसायटीचे चेअरमन. ते दिवस सगळंच नवं येण्याचे होते. चौकात फोनचा बूथ आला होता, घरांवर टीव्हीच्या छत्र्या उगवल्या होत्या. अमरसिंहांनी बीडहून सरकारी लॉटरीची एजन्सी घेतली आणि नेकनूरला बसवायला त्यांना भरवशाचा माणूस पाहिजे होता.

"मालक, जुगार मला व्हायचा न्हाई," अप्पा म्हणाले.

"जुगार कोन म्हनलं? मटका चोराचा अस्तो अप्पा, ही सरकारची हाय. हे बगा, शिक्का हाय, सही हाय. सरकार कधी जुगार खेळंल का? ह्याच पैशातनं दवाखाने व्हनार, शाळा व्हनार. आता सगळं खुलं झालंय. तुमीच तेवढे कवाड लावून बसा."

अप्पांनी तिकीट हातात घेऊन उलटंपालटं केलं. शिक्का पाहिला. आणि छापील कागद हातात आला की तो कपाळाला लावायची त्यांना सवय होती, तसं ते तिकीटही कपाळाला लावलं. अमरसिंह पुढं कितीतरी दिवस हे गावभर हसून सांगत होते.

दुकानापुढं टेबल आलं, रंगीत छत्री आली. सुतळीला चिमटे लावून तिकिटं टांगली, ती वाऱ्यावर पताकांसारखी फडफडायची. पाटी रंगवणाऱ्यानं नाव विचारलं तेव्हा अप्पांना वेगळं नाव सुचलं नाही. भांडार मन्मथस्वामींच्या नावाचं, तर हेही त्यांच्याच नावाचं. मन्मथ लॉटरी सेंटर, नेकनूर. बक्षीस लागलं तर तिकीट कुठून विकलं ते कळावं म्हणून मागच्या बाजूला विक्रेत्याचा शिक्का मारावा लागे. अप्पा रोज सकाळी पूजा झाली की जांभळ्या शाईनं तोच शिक्का मारत बसायचे.

आणि मग छबुबाईचा तो सोमवार आला. छबुबाई ओसरीच्या पायरीवर बेल-फुलं विकायची. विधवा बाई, जिभेची तिखट, मनाची भोळी. भजन संपलं, अप्पा एकेकाच्या कपाळाला विभूती लावत होते. छबुबाईनं कपाळ पुढं केलं, आणि मागोमाग हातातलं तिकीटही.

"ह्यालाबी लावा की दोन बोटं."

"विभूती कपाळाला लावायची अस्ती. कागदाला कावून?"

"माज्या कपाळात काय आसतं तर आजवर दिसलं नस्तं का? आता कागदातच बगू."

ओसरीवर हशा उसळला. अप्पाही हसले आणि हसता हसता त्यांनी तिकिटाला विभूती लावली. त्यात काही चुकतंय असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही, रुद्राणीलाही नाही. पुढच्या सोमवारी हातात तिकिटं घेतलेल्या माणसांची ओळ लागली. सुग्रीव शिंप्याला छोटंसं बक्षीस लागलं, त्यानं गावात पेढे वाटले, आणि मग तर आसपासच्या खेड्यांतून माणसं येऊ लागली. इतरांची तिकिटं ती तिकिटं, आणि अप्पांची ती देवाची. जी माणसं मटक्याच्या टेबलाकडं बघायची नाहीत, ज्या बाया लॉटरी हा शब्द उच्चारायच्या नाहीत, त्या पदराच्या गाठी सोडू लागल्या. रुद्राणी तेव्हा बीडला डी.एड. करत होती. तिचं वसतिगृह, तिची पुस्तकं सगळं त्या टेबलावर निघत होतं.

बीडच्या पहिल्या एसटीनं निकालाचा कागद यायचा, तेव्हा दुकानापुढं गर्दी व्हायची. छबुबाई त्या गर्दीत कधीच नसे. "बघू का तुमचा नंबर?" अप्पा विचारायचे. ती म्हणायची, "देवाला काय इचारायचं? द्यायचं आसंल तर घरी आनून दील." अप्पांनी एकदा भजनात उभं राहून सांगितलं की श्रद्धा असावी तर छबुबाईसारखी. ती लाजून पदर तोंडाला लावून बसली होती. तिच्या कानांतली सोन्याची फुलं त्या वर्षी गेली, हे कुणी पाहिलं नाही. अप्पांनीही नाही.

विभूती लागलेलं तिकीट टाकायचं कुठं? चुलीत घालता येईना, पायाखाली येऊ देता येईना. बाया ती देव्हाऱ्यात ठेवू लागल्या. देव्हारे भरले तशी त्यांना वाट सापडली. निर्माल्य जिथं सोडतात तिथं हेही सोडायचं. कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला जायचंच असतं, आणि तिथं धारेखाली कुंड आहे.

त्या पौर्णिमेला दिंडीच्या पुढं अप्पा होते, गळ्यात वीणा. उतार संपला, धारेचा आवाज आला, माणसं "हर हर महादेव" म्हणत पायऱ्या उतरली आणि तिथंच थबकली. कुंडाचं पाणी दिसत नव्हतं. हिरवी, गुलाबी, पिवळी तिकिटं अंगाला अंग लावून तरंगत होती. धार वरून पडायची तेवढीच जागा मोकळी होती. कर्नाटकातून आठवडाभर चालत आलेली माणसं काठावर कपडे सोडून उभी होती, पाण्यात कुणी उतरेना. नेकनूरच्या बाया आदल्या दिवशीच गाड्यांनी येऊन गाठोडी सोडून गेल्या होत्या.

लातूरकडच्या एका गड्यानं एक तिकीट उचलून उलटं केलं आणि मोठ्यानं वाचलं, "मन्मथ लॉटरी सेंटर, नेकनूर." मग दुसरं, मग तिसरं. शाई पाण्यानं फुटली नव्हती. "कोन हाय बे ह्यो? स्वामींच्या दारात स्वामींच्याच नावानं जुगार इकनारा?"

नेकनूरच्या माणसांनी माना खाली घातल्या. रुद्राणीच्या शेजारच्या अनोळखी बाईनं विचारलं, "तुमच्यातला का वो बाई?" आणि रुद्राणीनं मान हलवली. नाही. आम्ही बीडचे.

अप्पांनी वीणा उतरवून बद्रीनाथ मृदंगवाल्याच्या हातात दिली आणि धोतरासकट पाण्यात उतरले. ओंजळीनं तिकिटं गोळा करू लागले. तेवढ्यात वरच्या पायरीवरून छबुबाई ओरडली, "आवो अप्पा, ऱ्हाऊ द्या की! देवाला वाहिलंय ते!"

अप्पांनी वर पाहिलं. छबुबाईला राग नव्हता, तक्रार नव्हती. ती हात जोडून उभी होती आणि तिच्या कानांच्या भोकांत कडुनिंबाच्या काड्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबल मोडलं. माफी मागायला ते छबुबाईच्या दारात गेले, तर तिनं पाणी दिलं आणि वर तिनंच सुनावलं, "दुकान कावून बंद केलं? माजा सोमवार मोडला तुमी." अमरसिंहांचं काही अडलं नाही. त्यांनी स्टँडजवळ दुसरा माणूस बसवला, तीच छत्री दिली. विक्री कमी झाली नाही.

त्यानंतर दर कार्तिक पौर्णिमेला अप्पा पोतं घेऊन निघतात आणि कुंडातलं निर्माल्य, चिंध्या, नारळ, तिकिटं काढत राहतात. वीणेला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. लोक बघत होते. पहिल्या वर्षी कुजबुजले, दुसऱ्या वर्षी हळहळले. मग छबुबाईनंच बाजारात सांगायला सुरुवात केली की स्वामी अप्पांच्या सपनात आले आणि पानी राखायला सांगून गेले. आता तर अप्पांच्या पायाचं पाणी लागलं की लेकराची दृष्ट उतरते म्हणतात.

उतारावर मृदंग ऐकू येऊ लागला. रुद्राणीनं मघापासून मनात असलेलं शेवटी सांगितलं. "अप्पा, आज परळीची दिंडी येणार आहे. माझ्या सासूबाई आहेत तीत. तुम्हाला भेटायचं म्हणून मुद्दाम आल्यात."

"गंगासागरबाई? मला भेटाय?"

"त्यांच्याकडंही तुमचं नाव पोचलंय. म्हणाल्या, एवढा मोठा माणूस तुझा चुलता, आणि तू कधी बोलली नाहीस."

अप्पांनी विचारलं, "आमी काय करतो म्हनून सांगितलं व्हतंस, लग्नाच्या टायमाला?"

"दुकान आहे म्हणून."

"कशाचं?"

रुद्राणीनं रस्त्याकडं पाहिलं. "किराणा."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसते हं म्हणाले. खांद्यावरचं पोतं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. एका दगडाशी थांबले, टेकले मात्र नाहीत.

"रुद्रा, एक मागू का?"

"मागा की अप्पा."

"मी पान्यात उतरलो की तू पायरीवर उभी ऱ्हा. कुनी लेकरू घिऊन पाया पडाय आलं तर आडव त्याला. आन् मोठ्यानं सांग, ह्यो मानूस तिकिटं इकत व्हता, विभूती लावून इकत व्हता. मी सांगून बगितलंय. मी सांगितलं की म्हनत्यात, बगा किती लीन हाय, आन् आजून वाकत्यात. तू घरची हायस, मास्तरीन हायस, तुजं खरं वाटंल. सासू आली तर तिला पैलं सांग. सांगशील का, माय?"