वेगळं टेबल

२१ एप्रिल. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालत बसले होते. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक घरी आले. चहा नको म्हणाले. पाणीही नको. मग बोलले.

"मॅडम, राग नका मानू. बफे ठेवलाच आहे, तर आमच्या लोकांसाठी एक टेबल बाजूले लावा. स्वयंपाकी आमच्यातला सांगा. म्हणजे सारा स्टाफ जेवून जाईन."

आम्ही बौद्ध. सोळा वर्षं या माणसांसोबत एकाच खोलीत डबा खाल्ला. माझ्या डब्यातलं कधी कुणी घेतलं नाही. कुणाचा उपवास, कुणाचं पित्त. मी ते खरं मानत आले.

"बघते सर," एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्याचीच लाज जास्त वाटली.

पंगत मला आठवते. गावात मोठ्यांच्या घरचं लग्न. आम्ही सगळ्यांत शेवटी, गोठ्याच्या कडेला, घरून आणलेली ताटं मांडून. वाढणारा वाकत नसे. वरूनच टाकायचा. एकदा गरम वरण आईच्या मनगटावर सांडलं. तिनं हात झटकला नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "बापू, लेकीले अजून एक पोळी द्या."

"किती खाते वं तुही पोट्टी?" तो म्हणाला. लोक हसले. पोळी मिळाली नाही.

बफे पहिल्यांदा पाहिला तो खामगावात, मास्तरकीचं शिकत असताना. मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न. प्लेटांची चळत. कुणी बसवेना, कुणी उठवेना. पुढच्या बाईनं ठेवलेला डाव मी उचलला. माझ्या हातचा मागचीनं घेतला. म्हातारी माणसं कुरकुरत होती, उभ्यानं काय जेवण हे? मला उभ्यानंच गोड लागलं. जिलेबी तीनदा घेतली.

नोकरी लागल्यावर आईला अशाच एका लग्नात नेलं. ती भाताच्या टेबलापुढे प्लेट धरून उभी राहिली. रांग खोळंबली.

"आई, घे ना हातानं."

"म्या डावाले हात लावला तं चालते का?" तिनं हळूच विचारलं.

मीच वाढलं. नंतरही कितीतरी लग्नं झाली. ती गेली तोवर एकदाही तिनं स्वतः डाव उचलला नाही.

सर येऊन गेले त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "लाव नं एक टेबल. काय जाते आपलं? पोरीच्या लग्नात तमाशा नको." थकलेला माणूस. मी भांडले नाही. पत्रिका लिहिता लिहिता फक्त एवढं दिसलं, की वेगळं टेबल लावलं तर त्याच्याजवळ कुणाला तरी उभं करावं लागेल. आपल्या लोकांना सांगायला, की इकडे येऊ नका. माझ्या मांडवात. माझ्याच तोंडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेले. सगळे स्टाफरूममध्ये होते. सरांपुढे पत्रिका ठेवली.

"टेबल सगळ्यांसाठी एकच राहील सर. स्वयंपाकी आमच्यातला. जेवायचं असेल तर या."

"मग कठीण आहे मॅडम."

बाकीच्यांकडे पाहिलं. कुणी वहीतून डोकं वर काढलं नाही.

मी व्हरांड्यात आले, केटररला फोन लावला आणि शाळेची ताटं कमी करायला सांगितलं.