सोजराबाईंच्या डाळीचा निकाल

निमोण्याचे बापूसाहेब विकास सोसायटीचे दोनदा चेअरमन होते. त्यामुळे घरात साधा मिक्सर आणायचा तरी ते चार पंच बोलावतात आणि मग स्वतःला हवं तेच करतात. मी त्या पंचांतला एक. चहा मिळतो म्हणून जातो.

यंदा विषय होता पाणी मऊ करायच्या मशीनचा. त्यांच्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं, की दोन वर्षांत गिझरच्या तीन कॉईल गेल्या आणि नळांच्या तोंडाला पांढरी दाढी आली. सून अनुपमा केस गळतात म्हणून मशीन मागत होती. केस सगळ्यांचेच गळतात, असं म्हणत बापूसाहेबांनी पुरावा म्हणून टोपी काढून दाखवली.

खरी अडचण वेगळीच होती. पस्तीस वर्षं हा माणूस बायकोच्या डाळीला नावं ठेवत आला होता. सोजराबाई खुटबावच्या. माहेरी कॅनॉलच्या पाण्यात डाळ शिजायची, इथल्या पाण्यात शिजत नाही, असं त्या लग्नापासून सांगत होत्या. बापूसाहेब मात्र सोसायटीच्या सभेपासून साखरपुड्याच्या पंगतीपर्यंत सांगत सुटायचे, की आमच्या हिच्या हातालाच गुण नाही. माणसं हसायची. मीही हसलोय आणि त्याची आता लाज वाटते. त्या बिचारीनं पाहुण्यांपुढं डाळ वाढणंच सोडलं होतं. पाहुणा आला की पिठलं.

शिरूरच्या दुकानातला रविराज चार दिवस वापरून बघा म्हणून मशीन बसवून गेला. निकालाच्या दिवशी त्यानं बाटलीत साबण हलवून फेस दाखवला. फेस तर निवडणुकीतही लई येतो, म्हणत बापूसाहेबांनी तो बाजूला सारला आणि डाळीचीच परीक्षा लावली. तूरडाळ एकच, बाई एकच, कुकर दोन, शिट्ट्या चार-चार. एकात बोअरचं पाणी, एकात मशीनचं. दोन्हीकडं डाळ कच्ची निघणार, म्हणजे मशीनचाही निकाल लागेल आणि बायकोचाही, या खात्रीनं त्यांनी आम्हाला जमवलं होतं.

झाकणं निघाली. बोअरच्या कुकरात दाणे तसेच टणक. मशीनच्या कुकरात डाळीचं लोणी झालेलं. आमच्यातल्याच एका पंचानं, बन्सी आप्पांनी, पळी फिरवून बघितली आणि दाराबाहेर नजर लावली.

मशीन राहू द्या, असं रविराजला घाईनं सांगून बापूसाहेब उठायला लागले.

"बसा," सोजराबाई म्हणाल्या. त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मशीनचं मागनं बघू. आदी ह्या पंचांम्होरं सांगा, डाळ कशापायी शिजत नव्हती?"

बापूसाहेब खाकरले. "पाण्यापायी."

"आन् माझ्या हाताचं?"

"हाताचं काय न्हाई. चुकलं माझं."

मला फार बरं वाटलं. सोजराबाईंनी ताटं मांडली. आम्हाला मशीनची डाळ वाढली, वर तुपाची धार. नवऱ्याला बोअरची. बापूसाहेब मान खाली घालून एकेक दाणा चावत बसले आणि वाटी रिकामी झाली, की त्या पुन्हा भरत राहिल्या.